गफ्फारभाईंचं चाकावरचं मकान

गफ्फारभाई पायी चालतानाही वळण मोठं घेतात. म्हणजे कसं, तर तुम्हा-आम्हाला बाजारात डावीकडे वळायचं असलं की आपण वळतो. गफ्फारभाई कोपरा सोडून सरळ पुढे जातात, रस्त्याच्या पार उजव्या कडेला लागतात, थांबतात, मान वळवून मागं पाहतात आणि मग अर्धा रस्ता अडवून हळूहळू डावीकडे येतात. मागं काही नसतं. हातात असलीच तर दुधाची पिशवी. नव्या माणसाला वाटतं, बुवा भरदिवसा टाकून आला. आता ज्या माणसानं जन्मात सुपारीला हात लावला नाही, त्याच्याबद्दल असं बोललेलं मला खपत नाही. मी तिथल्या तिथं सांगते, "पेलेले नाही ते. त्यायच्या मांगं मकान हाय. तुमाले दिसत नाही, त्यायले दिसते."

मी निर्मला. कारंज्याच्या बाहेर, मानोऱ्याच्या रस्त्याला आमचा भाजीचा मळा आहे. वांगी, पालक, कोहळी आणि सांबार. सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर. बाजाराच्या दिवशी मी आणि माझ्यासारख्या आठ-दहा जणी पोतं अंथरून सकाळपासून दिवस बुडेस्तोवर बसतो. जवळ पाण्याचा तांब्या असतो, पण तो पालकावर शिंपडायला. आम्ही बायका बाजारात पाणी पीत नाही, नुसते ओठ ओले करतो. सासवांपासून चालत आलेली सवय आहे.

मळ्याला लागून गफ्फारभाईंचं वेल्डिंगचं दुकान आणि त्याच्याच मागं घर. अर्ध्या तालुक्याची गेटं, खिडक्यांच्या जाळ्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या त्यांच्या हातच्या. हात सोन्याचा, पण डोकं जरा तिरपं, असं लोक म्हणतात. त्याला कारणही आहे. काही वर्षांमागं ऐन थंडीत हा माणूस बसस्टँडपासून घरापर्यंत, भर बाजारातून, नुसत्या बनियनवर चालत आला होता. मागून सायराभाभी, त्यांची बायको, मान खाली घालून. लोकांनी विचारलं, "काहो गफ्फारभाई, शर्ट कुठी गेला?" तर म्हणाले, "गरम होऊन राह्यलं होतं." आम्ही स्वेटर घालून दात वाजवत होतो! तेव्हापासून गावानं त्यांना येड्यात काढलं ते काढलंच.

तर मकानाचं. एक दिवस ते मोबाइल घेऊन माझ्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आले. मोबाइलमध्ये एक गोरा माणूस नि त्याची बायको. पिकअपच्या मागं लांबच लांब चाकाचं घर जोडून ते जंगलात जाऊन राहत होते. त्याचं बोलणं गफ्फारभाईंना कळत नव्हतं, पण हूक कळत होता. तो तेवढा भाग त्यांनी मला पुन्हा पुन्हा दाखवला.

"पाहा ताई. लाईन नाही, नळ नाही, काही नाही. तरी किती आरामात राहून राह्यले!"

"अवो, लाईन नाही अन् नळ नाही, हे पाहाले जंगलात कायले जा लागते?" मी म्हटलं. "घरीच बसा ना! दुपारी लाईन जातेच, पंखा बंद पडते. अन् नळ कधी येते ते त्यालेच माहीत."

ते हसले. पण दुसऱ्या दिवसापासून दुकानात ठिणग्या उडायला लागल्या. ट्रॉलीचा सांगाडा लांब केला, खाली दोन जोड्या चाकं घातली, वर पत्र्याच्या भिंती, छतावर सौर प्लेटा, पोटात पाण्याची टाकी. ओढायला एक जुनी पिकअप घेतली, संत्री वाहून वाहून रंग उडालेली. गाडी एवढीशी आणि शेपूट तिच्या दुप्पट. लोक म्हणाले, गफ्फारचा डब्बा. त्याचा मात्र त्यांना भयंकर राग. "डब्बा रेल्वेचा अस्ते. हे मकान हाय."

मकान तयार झालं आणि गेटातून निघेना. अख्ख्या तालुक्याची गेटं बनवणाऱ्या माणसाचं स्वतःचं गेट अरुंद निघालं! एक खांब पाडावा लागला. मी पदर तोंडाला लावून हसत होते, तर म्हणाले, "लोकायचे मोजून बनवतो ताई. आपलं कोण मोजते?"

हसू माझ्याच अंगाशी आलं. त्यांच्या गेटासमोर पांदण, म्हणजे शेतात जायची अरुंद वाट, आहे आणि गेटातून निघाल्या निघाल्या डावीकडे वळावं लागतं. त्या वळणाच्या आतल्या कोपऱ्यावर माझा सांबाराचा वाफा. लांब गाडीचं असं असतं म्हणे की पुढचं चाक जिथून जातं तिथून मागचं जात नाही, ते कोपरा कापून आत येतं. पिकअप मजेत वळली आणि मकान माझ्या सांबारावरून गेलं.

मी काय काय बोलले ते इथं सांगत नाही. पांदणीतल्या म्हशीसुद्धा थांबल्या होत्या. गफ्फारभाई खाली उतरले, चाकाचा माग पाहिला आणि म्हणाले, "वळण कमी पडलं, ताई. मोठं घ्या लागते. मांगचं पाहून वळा लागते." तेव्हापासून हे वाक्य त्यांच्या तोंडात बसलं. लग्न जुळवायचं असो, विहिरीवर मोटार बसवायची असो, सल्ला एकच. "वळण मोठं घ्या. मांगचं पाहून वळा."

त्यांनी संध्याकाळी येऊन वाफा स्वतः सारखा केला आणि माझ्या विहिरीला लोखंडी जाळी बसवून दिली. मी चहा दिला, पण सांगितलं, "पुन्हा या कोपऱ्यावर चाक आलं तं मी मकानासमोर आडवी पडीन." तेव्हापासून ते कोपऱ्यातलं पीक निघेपर्यंत थांबायचे, वाफा मोकळा झाला की त्यावरून मकान काढायचे आणि परत आले की जमीन भुसभुशीत करून द्यायचे.

सुरुवातीच्या एका फेरीत त्यांनी सगळं वजन मागच्या बाजूला भरलं. मकान रस्त्यावर शेपूट हलवायला लागलं. समोरची येष्टी कडेला थांबून मुकाट्यानं वाट देऊन गेली. वजन नाकावर पाहिजे, म्हणजे हुकाकडं, हे त्यांना उमजलं, आणि आले माझ्याकडं. "ताई, दोन पोते कोहळे द्या. वजनासाठी. जसेच्या तसे वापस आणतो."

दिले. काय करता? माझे कोहळे धरणावर गेले, चार दिवसांनी परत आले, पुढच्या खेपेला पुन्हा गेले. माझे कोहळे माझ्यापेक्षा जास्त फिरले बाप्पा!

धरणाच्या मागं, जिथं लाईन पोचत नाही अशा माळावर ते मकान लावायचे. तिथंही एकदा गंमत झाली. सकाळी दार उघडलं तर बाहेर बकऱ्यांची रांग. जवळच्या तांड्यावर बातमी गेली होती की जनावरांचा फिरता दवाखाना आला. गफ्फारभाई म्हणतात, मी डॉक्टर नाही. एक म्हातारी म्हणते, मग एवढी मोठी गाडी कायची? शेवटी त्यांनी जनरेटर लावून लोकांच्या मोडक्या खाटा जोडून दिल्या आणि बकऱ्यांच्या पाठीवर हात फिरवला. म्हातारी खुश. दुसऱ्या खेपेला तिनं शेजारणीची बकरी आणली.

आमचे हे, म्हणजे माझा नवरा, हौसेनं एकदा त्यांच्यासोबत गेले आणि कानाला खडा लावून आले. "अवो, हा माणूस घडीघडी गाडी थांबवते. हुकाले हात लावते, साखळी हलवते, चाकं थापटते. तेही दहा-दहा मिनिटं, मकानाकडं पाठ करून! अन् तिथं जाऊन करते काय, तं नळ सोडते नि बंद करते. टाकीत डोकावते. झोपत तं नाहीच, डास मारत बसते. याले कोणं सांगतलं शौक कराले?"

या सगळ्यात सायराभाभी कुठं होत्या? घरात. त्या कुठंच जात नसत. माहेरी नाही, लग्नाला नाही, ईदेला कोणाकडं नाही. माझ्या पोरीचं लग्न वाशीमला झालं तेव्हाही आल्या नाहीत. स्वतःच्या हातानं भरलेली चादर पाठवली, इतकी सुंदर की पोरगी ती वापरत नाही, ठेवून देते. पण मला चादर नको होती, भाभी पाहिजे होत्या. शेजारीण असून आली नाही याचा राग माझ्या मनात घर करून होता. बायका म्हणायच्या, अकड आहे. मीही मान डोलवायची.

मागच्या हिवाळ्यात गफ्फारभाई पुन्हा धुऱ्यावर येऊन उभे राहिले. टोपी काढून हातात घेतलेली.

"ताई, रविवारी कोपरा पाहिजे. जऊळक्याच्या पुढं सायराच्या बहिणीचं गाव हाय. तिच्या पोरीचं लग्न. यंदा सायराले नेतो म्हणजे नेतो."

कोपऱ्यात सांबार हातभर आलेलं, बाजार तोंडावर. मी म्हटलं, "भाभीले येष्टीत बसवा ना! नाही तं पिकअपमध्ये बसवा पुढं. मकान कायले ओढता? लग्नाले जाता का जंगलात?"

"मकान पाहिजेच."

"बाई घरातून निघत नाही म्हणून घरच घेऊन चालले का?"

"तसंच समजा," ते म्हणाले. हसले, पण डोळे माझ्याकडं नव्हते. "त्या सख्ख्या बहिणी हायेत ताई. कितीक वर्ष झाले, भेट नाही. हे लग्न चुकलं तं ती आता पुन्हा कधीच निघत नाही. मले माहीत हाय."

मी "पाहू" म्हटलं. आमच्याकडं पाहू म्हणजे नाही.

पण जीव काही थाऱ्यावर राहिना. शनिवारी संध्याकाळी मी सरळ भाभींकडं गेले, म्हटलं, हिलाच विचारावं. भाभी अंगणात मकानाच्या पायरीवर बसून पडद्याला टाचा घालत होत्या. म्हणाल्या, "ये, आतून पाह्यलं का तू?" मी कधी पाहिलं नव्हतं.

आत गेले तर काय! झोपायला एक बाकडं. स्वयंपाकाला एक शेगडी, बस्स. आणि मागचं अर्धं मकान म्हणजे न्हाणीघर. पांढरं शुभ्र बसायचं भांडं. धरायला दोन्हीकडं लोखंडी दांडे, भाभींच्या हाताला बरोबर येतील अशा उंचीवर, गुळगुळीत घासलेले. लुगडं-कपडे टांगायला खुंट्या. वर एवढीशी खिडकी, उजेड येईल पण नजर येणार नाही अशी. आतून दोन कड्या. मी तर बघतच राहिले.

"काहो भाभी, चूल एवढीशी अन् हे एवढं मोठं?"

भाभींनी सुई पडद्यात खोचून ठेवली. म्हणाल्या, धाकट्याच्या वेळेस बाळंतपण अवघड गेलं, तेव्हापासून त्यांना लघवी धरवत नाही. घडीघडी जावं लागतं. औषधं झाली, ऑपरेशन झालं, थोडा फरक पडला, पूर्ण नाही. मग एकदा बहिणीकडून येष्टीनं परत येत होत्या.

"गाडी थांबवा म्हणायले लाज वाटली, निर्मला. गच्च भरली होती, सगळे माणसंच. दम धरला, धरला... अन् मंग ज्याची भीती होती तेच झालं. मी रडून राह्यली. याईनं काही म्हटलं नाही. आपल्या अंगातला शर्ट काढला, माझ्या कंबरेले मांगून बांधला, अन् बनियनवर उतरले. माझ्याकडं कोणाचं ध्यानच गेलं नाही. सगळे याईलेच पाहून हसून राह्यले होते."

मी पायरीवर त्यांच्याजवळ टेकले.

"मकानाचा शौक याईले कायचा?" त्या म्हणाल्या. "याईले तं बाहेर झोपच येत नाही. डास चावले की अंगावर गांधी उठतात. टाकी किती पुरते, पाणी जोरात येते का, वास तं येत नाही ना, हे पाहाले जात होते धरणावर. लग्नाच्या गावात काही सोय नाही ना! लोक विचारतात तं सांगतात, मले शौक हाय. माझं नाव कुठी निघू देत नाहीत."

मी घरी आले, विळा घेतला आणि दिवस बुडायच्या आत कोपऱ्यातलं सगळं सांबार उपटलं. हे विचारत होते, "अवो, बाजार तं परवा हाय!" मी म्हटलं, "लग्न उद्या हाय." जुड्या बांधल्या, टोपली भरली आणि गफ्फारभाईंच्या दारात नेऊन ठेवली. "लग्नाच्या सालनात टाका. अन् उद्या वळण जसं पाहिजे तसं घ्या. मलेही सोबत न्या."

त्यांनी टोपलीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. भाभी बोलल्या हे त्यांना कळलं असावं. "कोहळेही लागतीन, ताई," एवढंच म्हणाले.

सकाळी मी कोपऱ्यावर उभी राहून हात हलवत होते, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या!" पिकअप पार पलीकडच्या कडेला गेली, थांबली, आणि ते लांबलचक धूड मोकळ्या वाफ्यावरून अलगद वळून आलं. मीच टाळ्या वाजवल्या. मग पुढच्या बाकावर आम्ही तिघं, गफ्फारभाई, दाराकडं भाभी आणि मधात मी, नाकावर कोहळे, निघालो.

थोड्या वेळानं गफ्फारभाईंनी गाडी कडेला घेतली. "साखळी वाजून राह्यली वाट्टे. पाह्यतो जरा." मला काहीच वाजलेलं ऐकू आलं नव्हतं. ते उतरले, पार पुढं बोनेटकडं जाऊन रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले, टायर थापटायला लागले. भाभी न बोलता उतरल्या, मागं मकानात गेल्या. त्या परत येऊन बसेपर्यंत गफ्फारभाई टायर थापटतच होते. मग येऊन बसले. "सबकुछ ठीक हाय." शेलूबाजारच्या अलीकडं पुन्हा तेच. मग हूक गरम झाला. मग चाकातून आवाज आला. एकदाही भाभींना थांबवा म्हणावं लागलं नाही. मी खिडकीबाहेर तुरीची शेतं पाहत होते, कारण डोळे भरून आले होते. खोटं कशाला बोलू?

लग्नाच्या गावी दोघी बहिणी गळ्यात पडल्या त्या सुटेचनात. मोठी नुसती म्हणत होती, "आली का गं? खरंच आली का?" भाभींनी नवरीच्या हाताला मेंदी लावली, जेवण वाढलं, गाणी म्हटली. मधून मधून उठून जात होत्या आणि परत येत होत्या, कोणाला काही कळलं नाही. दुपारी मात्र वेगळंच झालं. भाभींची एक चुलत बहीण हळूच त्यांच्या कानाशी लागली. भाभींनी तिला मकानात नेलं. मग तिनं दुसरीला सांगितलं. घडीभरात मकानासमोर बायकांची रांग. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, नव्या नवऱ्या, आणि भाभी पायरीवर उभ्या, "सावकाश जा, पाणी भरपूर हाय." अशी मालकीण मी पाहिली नाही. गफ्फारभाई दूर रस्त्यावर खुर्ची टाकून पाठमोरे बसले होते. इकडं येणाऱ्या प्रत्येक पुरुषाला सांगत होते, "गाडी गरम झाली हाय. जवळ जाऊ नका, पाणी उडते." लोक त्यांना हसत होते. ते मजेत हसू देत होते.

परत येताना भाभींना पिकअपमध्ये झोप लागली, डोकं माझ्या खांद्यावर. मी हळूच म्हटलं, "गफ्फारभाई, तुमचे उपकार लय मोठे हायेत."

"माझे कायचे? कोपरा तुमचा," ते म्हणाले. मग त्यांनी आरशात मागं मकानाकडं पाहिलं. म्हणाले, "ताई, एक विचारू? राग नोका धरू. बाजाराच्या दिवशी तुमी बाया दिवसभर काय करता?"

मी म्हटलं, "पाणी पीत नाही, नुसते ओठ ओले करतो." पण आजवर हे मला कोणी विचारलं नव्हतं. आमच्या यांनीही नाही.

हे सगळं मी भाभींना विचारून सांगतेय. त्या म्हणाल्या, सांग. शर्टाचंही सांग, लोकायले कळू दे कोणाले हसले ते.

आणि त्यानंतरच्या बाजाराची गोष्ट. ऊन डोक्यावर आलेलं, आम्ही भाजी लावून बसलेल्या. तेवढ्यात रस्त्यावर गलका झाला. गफ्फारभाईंची पिकअप अर्धा बाजार अडवून वळण घेत होती. रिक्षावाले ओरडत होते. ते शांतपणे मागं पाहत, थांबत, मकान आमच्या रांगेमागच्या निंबाखाली घेऊन आले. पुढच्या दारातून भाभी उतरल्या आणि पायरीवर जाऊन बसल्या. गफ्फारभाईंनी खुर्ची काढली, रस्त्याच्या कडेला लांब नेऊन ठेवली आणि आमच्याकडं पाठ करून बसले.

"गफ्फारभाई, आज इकडं कुठी?" कोणीतरी विचारलं.

"शौक हाय आपला," ते म्हणाले. मग मान न वळवता, मला ऐकू येईल इतक्याच आवाजात, "ताई, टाकी काठोकाठ भरून आणली हाय."

मी शेजारणीकडं पाहिलं. ती मकानाकडं पाहत होती. मी पालकावर शिंपडायचा तांब्या उचलला, तोंडाला लावला आणि भर बाजारात, भर दुपारी, पोटभर पाणी प्यायले. मग तांब्या तिच्या हातात दिला.